लॉटी डॉड खरंच एवढी मोठी होती का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अकरा वर्षांची मुलगी शाळेत लॉटी डॉडवर, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश टेनिसपटूवर, बोलणार आहे. पंधराव्या वर्षी विम्बल्डन जिंकलेली मुलगी म्हणून ती तिला भावली. पण घरात मामानं खोडा घातला. त्या काळी खेळायला बायका होत्याच किती, पाच-सहा जणींत पहिली आली तर त्यात कसलं मोठेपण, असं त्याचं म्हणणं. वर हेही की टेनिसची एवढी आवड होती तर एकविसाव्या वर्षी ते सोडून भलतेच खेळ कशाला खेळत बसली? वडिलांना प्रशिक्षकाचं मत हवंय. आणि जाता जाता त्यांनी विचारलंय की मुलगी थोरल्या भावाबरोबर खेळते, रोज हरते, रडते, तर काय करावं.

मामाचं निम्मं बरोबर आहे. ते आधीच मान्य करून टाकू, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

विम्बल्डनला बायकांची एकेरी 1884 साली सुरू झाली, पुरुषांच्या नंतर सात वर्षांनी. पहिल्या वर्षी 13 जणी होत्या. 1887 साली, म्हणजे लॉटी पहिल्यांदा जिंकली तेव्हा, आकडा अर्ध्या डझनाच्या आसपास उतरला होता, आणि 1890 ला तर चारच नावं आली. त्यातून तेव्हाची पद्धत अशी की गतविजेतीनं आरामात बसून राहायचं. बाकीच्या आपसात झुंजणार, त्यातून जी वर येईल तिनं गतविजेतीला आव्हान द्यायचं. त्या शेवटच्या सामन्याला चॅलेंज राउंड म्हणायचे. लॉटीची विजेतेपदं 1887, 1888, 1891, 1892 आणि 1893 ची. यातल्या 1888, 1892 आणि 1893 या तीन वर्षी ती गतविजेती होती. म्हणजे त्या तिन्ही वेळा तिनं विम्बल्डनला येऊन एकेरीचा एकच सामना खेळला आणि चषक घेऊन घरी गेली. आज सात सामने जिंकावे लागतात. त्यामुळे ‘पाच वेळा विम्बल्डन’ हा आकडा आजच्या कुणाच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करायला गेलात तर मामा वाद जिंकणार, आणि योग्यच जिंकणार.

माझ्या मते विजेतेपदांची संख्या हा लॉटीच्या गोष्टीतला सगळ्यात कच्चा भाग आहे. मुलीनं भाषण त्यावर उभं करू नये.

त्या एकेका सामन्यात समोर कोण होतं, ते आता बघा. पाचही वेळा एकच बाई होती, ब्लँच बिंगली. 1887 च्या उन्हाळ्यात लग्न झाल्यावर तिचं आडनाव हिलयार्ड झालं. ही काही हौसेला रॅकेट धरणारी नव्हती. 1886 पासून 1900 पर्यंत ती सहा वेळा विम्बल्डनची विजेती झाली. शेवटचं विजेतेपद छत्तिसाव्या वर्षी, तेही शार्लट कूपरला हरवून. त्याच उन्हाळ्यात कूपरनं पॅरिसला ऑलिम्पिक टेनिस जिंकलं. म्हणजे हिलयार्डचा दर्जा पुढच्या पिढीशी भिडून सिद्ध झालेला आहे. आणि लॉटीसमोर तिचं काय झालं? 1887 ला 6-2, 6-0. 1888 ला 6-3, 6-3. 1891 ला 6-2, 6-1. 1892 ला 6-1, 6-1. चार सामने, आठ सेट, आणि गेमची बेरीज 48 विरुद्ध 13. शर्यतीत माणसं कमी असतात तेव्हा मी किती जणांना हरवलं ते मोजत नाही, दुसऱ्या नंबरवर कोण होतं आणि किती अंतरानं, ते बघतो. इथे दुसऱ्या नंबरवर सहा वेळची विजेती आहे आणि अंतर हे असं आहे.

पाचवा सामना मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो तिला सहज मिळाला नाही. 1893, पहिला सेट 6-8 असा गेला. विम्बल्डनच्या एकेरीत तिनं गमावलेला हा एकमेव सेट. त्या सामन्यात ती जोरात पडलीही. हिलयार्डनं त्या एका सामन्यात 13 गेम काढले, म्हणजे आधीच्या चार सामन्यांत मिळून जेवढे काढले तेवढेच. तरी पुढचे दोन सेट लॉटीनं 6-1, 6-4 घेतले. दांडगी खेळाडू सोप्या दिवशी कशी दिसते हे कुणालाही सांगता येतं. अवघड दिवशी काय करते, ते या आकड्यांत आहे.

हे जमलं कसं, ते तिच्या घरापासून सांगावं लागेल.

लॉटीचा जन्म 24 सप्टेंबर 1871 चा, इंग्लंडमध्ये चेशायरमधल्या बेबिंग्टनचा. वडील लिव्हरपूलचे कापूस दलाल. लिव्हरपूल म्हणजे तेव्हा जगातला मोठा कापूसबाजार, आपल्या वऱ्हाड-खानदेशातल्या गाठीही मुंबईच्या बंदरातून तिकडे जायच्या. लॉटी आठ वर्षांची असताना वडील वारले, पण मागे एवढा पैसा ठेवून गेले की चौघा भावंडांना जन्मभर नोकरी करायची गरज पडली नाही. घरच्या आवारात दोन टेनिस कोर्ट. थोरली बहीण अ‍ॅनी, भाऊ विली आणि टोनी, सगळे खेळणारे. शेंडेफळ लॉटी यांच्यात खेळत वाढली.

भावांबरोबर खेळण्याचा परिणाम काय झाला? त्या काळच्या बायका बहुतेक बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवर, उभ्या राहून चेंडू इकडून तिकडे करायच्या. पायघोळ झगा, आत कंबर आवळणारी कॉर्सेट, डोक्यावर टोपी. एवढं अंगावर घालून पळायचं म्हटलं तरी पळणार कशा? लॉटी शाळकरी मुलगी होती, म्हणून तिला पोटरीपर्यंतचा स्कर्ट चालायचा. ही सवलत छोटी वाटते, पण एक फूटभर कापड कमी झालं की पहिलं पाऊल वेळेवर पडतं, आणि टेनिसमध्ये पहिलं पाऊल गेलं की पुढचं सगळं गेलं. पुढे तिनं स्वतः लिहिलंही की बायकांचा पोशाख हा खेळातला अडथळा आहे आणि त्याचा विचार व्हायला हवा.

दुसरी गोष्ट व्हॉलीची. पुरुषांत रेन्शॉ बंधूंनी, म्हणजे विल्यम आणि अर्नेस्ट या जुळ्यांनी, नेटजवळ येऊन चेंडू टप्पा पडायच्या आत मारायची आणि वरून स्मॅश करायची पद्धत रूढ केली होती. बायकांत हे कुणी फारसं करत नसे. लॉटी करायची. आणि इथे एक तांत्रिक मेख आहे, जी वाचताना सहज निसटते. तिची सर्व्हिस अंडरआर्म होती, म्हणजे हात खांद्यावर न नेता खालून मारलेली, शेवटपर्यंत. आता अंडरआर्म सर्व्हिस टाकून लगेच नेटकडे धावणं म्हणजे समोरच्या बाईला ‘मार आता मला पासिंग शॉट’, म्हणजे काढ चेंडू माझ्या बाजूनं, असं आमंत्रण. म्हणजे पुढे यायचं तर रॅलीतूनच, चेंडूची देवाणघेवाण चालू असताना. समोरून आखूड चेंडू कधी येणार याचा अंदाज आधी बांधायचा, तो खोल परत करायचा आणि त्याच्या पाठोपाठ आत शिरायचं. सर्व्हिसच्या जोरावर नेटवर येणारी मुलं मी खूप पाहतो. रॅलीतला नेमका चेंडू ओळखून येणारी फार कमी, आणि पंधरा-सोळा वर्षांची तर विरळाच. हे कुणाला शिकवायला गेलं तर दोन-दोन वर्षं जातात. एक चेंडू लवकर येऊन फसतात, पुढचा उशिरा येऊन फसतात, मग कंटाळून बेसलाइनवर जाऊन बसतात.

तिचं येणं असं अचानक झालं नाही, हेही मुलीनं सांगावं. 1883 ला ती बहिणीबरोबर मँचेस्टरच्या स्पर्धेत उतरली तेव्हा अकरा वर्षांची होती. 1885 ला, तेराव्या वर्षी, त्याच नॉर्दर्न स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिची गाठ मॉड वॉटसनशी पडली. वॉटसन म्हणजे विम्बल्डनची पहिली विजेती, तेव्हा कुणाकडूनच हरत नव्हती. लॉटी 8-6, 7-5 अशी हरली. एवढं निसटतं हरणं तेराव्या वर्षी! पुढच्या वर्षी बाथला तिनं वॉटसनला हरवलंच, आणि वॉटसनची पन्नासाहून जास्त सामन्यांची विजयी मालिका तिथे तुटली. 1887 ला आधी आयर्लंडची स्पर्धा जिंकली आणि मग विम्बल्डन. तेव्हा तिचं वय 15 वर्षं 285 दिवस. एकेरीत हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. स्वित्झर्लंडची मार्टिना हिंगिस 1996 ला तिच्याहून तीन दिवसांनी लहान होती, पण ते दुहेरीचं विजेतेपद. एकेरीतलं हिंगिसचं विजेतेपद आलं 1997 च्या विम्बल्डनला, सोळाव्या वर्षी. 

खुल्या स्पर्धांच्या सगळ्या कारकिर्दीत लॉटी एकेरीचे पाचच सामने हरली. शेवटचा 1892 ला आयर्लंडच्या स्पर्धेत, लुइझा मार्टिनकडून.

आता मला सगळ्यात रंजक वाटणारा सामना. 1888 चा उन्हाळा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं एक्समथ. सोळा वर्षांची लॉटी विरुद्ध अर्नेस्ट रेन्शॉ, त्या वर्षीचा पुरुषांचा विम्बल्डन विजेता. अट एवढीच की प्रत्येक गेम तिच्या बाजूनं 30-0 पासून सुरू. टेनिसमध्ये गेममधले पॉइंट 15, 30, 40 असे मोजतात, म्हणजे दोन पॉइंट आधीच तिच्या खात्यात. रेन्शॉ जिंकला, 2-6, 7-5, 7-5.

काही जण हा सामना ‘ती पुरुषांच्या बरोबरीची होती’ म्हणून सांगतात. दुसरे म्हणतात, सवलत घेऊन खेळली, सोडून द्या. दोघंही गणित करत नाहीत. गेम मोजा: तिचे 6, 5, 5 म्हणजे 16. त्याचे 2, 7, 7 म्हणजे 16. बरोबर निम्मे-निम्मे. 30-0 च्या आघाडीवरून गेम जिंकायची शक्यता पन्नास टक्के यायची असेल तर खेळलेल्या पॉइंटपैकी साधारण 34 टक्के जिंकावे लागतात. प्रत्येक पॉइंटला शक्यता सारखीच धरली, प्रत्यक्षात ती थोडी वरखाली होते, पण ढोबळ चित्र हेच. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम पुरुषाकडून लॉटी दर तीन पॉइंटमागे एक काढत होती. त्याच टक्केवारीनं सवलतीशिवाय, 0-0 पासून खेळलं तर सहा-सात गेममागे एखादा तिच्या वाट्याला येतो. थोडक्यात, सवलत काढली तर सेट 6-1 नं गेला असता.

हे ऐकून मुलीचा हिरमोड होईल कदाचित. होऊ नये. अंडरआर्म सर्व्हिस करणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीनं चालू विजेत्याकडून दर तिसरा पॉइंट घ्यावा, हे कच्च्या लिंबाचं काम नाही. 30-0 ही दयेपोटी दिलेली सूटही नव्हती. हँडिकॅप लावून, म्हणजे कमी ताकदीच्या खेळाडूला आधीच काही पॉइंट देऊन, खेळणं तेव्हा सर्रास चालायचं, पुरुषा-पुरुषांतही, आणि त्यातून कोण किती पाण्यात आहे ते नीट कळायचं. आज ही पद्धत बुडाली याचं मला वाईट वाटतं.

मामाचा दुसरा मुद्दा, टेनिसमध्ये मन नसण्याचा. यात तथ्य आहेच. 1889 ला ती विम्बल्डन राखायलाच आली नाही. भावंडांबरोबर स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत बोटीतून भटकत होती. 1890 लाही नाही. 1893 ला जिंकली आणि एकविसाव्या वर्षी एकेरीच्या मोठ्या स्पर्धांना रामराम ठोकला. आज एखादीनं असं केलं तर आम्ही प्रशिक्षक डोक्याला हात लावून बसू.

पण तेव्हा या खेळात पैसा नव्हता, रँकिंग नव्हतं, प्रायोजक नव्हते. विजेत्याला चषक, नाव आणि टाळ्या. ‘करिअर’ हा शब्दच तिथे नीट बसत नाही. लॉटीला नवीन काहीतरी शिकून त्यात वर जाण्याची चटक होती आणि ती भागवायला घरचा पैसा होता. टेनिस सोडल्यावर ती भाऊ टोनीबरोबर स्वित्झर्लंडला सेंट मॉरिट्झला गेली. तिथे बर्फावरच्या स्केटिंगची बायकांची परीक्षा पास झाली, मग पुरुषांचीही. क्रेस्टा रनच्या बर्फाळ घसरगुंडीवरून उतरली, डोंगर चढली. इंग्लंडला परतून 1897 ला स्पिटल गावी बायकांचा हॉकी क्लब काढण्यात पुढे राहिली, 1899 ला इंग्लंडच्या संघात गेली, आणि 1900 ला आयर्लंडविरुद्ध 2-1 नं जिंकलेल्या सामन्यात दोन्ही गोल तिचे. मग गोल्फ. तिथे मात्र ती लगेच चमकली नाही, काही वर्षं उपांत्य फेरीपर्यंत येऊन अडकायची. 1904 ला स्कॉटलंडमध्ये ट्रूनला ब्रिटिश लेडीज अ‍ॅमॅच्युअर या बायकांच्या हौशी गोल्फ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिनं मे हेझ्लेटला एका होलच्या फरकानं हरवलं. हेझ्लेट आधी दोनदा विजेती झालेली. टेनिस आणि गोल्फ, दोन्हींतली ब्रिटनची सर्वोच्च स्पर्धा जिंकणारी लॉटीशिवाय दुसरी बाई नाही.

1908 ला लंडन ऑलिम्पिकला ती तिरंदाजीत उतरली. पहिल्या दिवसाअखेर पुढे होती, दुसऱ्या दिवशी 53 वर्षांच्या क्वीनी न्यूअलनं तिला गाठलं. न्यूअल 688, लॉटी 642. रौप्य. भाऊ विलीनं त्याच ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या तिरंदाजीत सुवर्ण घेतलं. पहिल्या महायुद्धात तिनं रेड क्रॉससाठी रुग्णालयांत काम केलं. लग्न केलं नाही. 27 जून 1960 ला, 88 व्या वर्षी, विम्बल्डन चालू असतानाच ती गेली. रेडिओवर त्याचंच समालोचन ऐकत होती, असं सांगतात.

घरच्या पैशाचा उल्लेख मी दोनदा केला, तो मुद्दाम. लॉटीच्या कौशल्याचं श्रेय तिचं, पण तिला मिळालेला रिकामा वेळ आणि आवारातले दोन कोर्ट हे कापसाच्या दलालीचे. आपल्याकडेही सुरुवात अशाच घरांतून झाली. विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय बाई म्हणजे लीला राव, 1934 साली. आई पंडिता क्षमा राव, संस्कृतातल्या लेखिका आणि स्वतः मुंबईचं टेनिस गाजवलेल्या. आजोबा शंकर पांडुरंग पंडित, नावाजलेले विद्वान. वडील डॉक्टर. ज्या घरात मुलीच्या हातात पुस्तक आणि रॅकेट दोन्ही देण्याची ऐपत आणि तयारी होती, तिथूनच ती कोर्टवर पोचली. मुलीला भाषणात आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर हे घ्यावं. लोकांना लॉटी थोडीफार माहीत असते, लीला राव आपल्याच मुंबईच्या असून माहीत नसतात.

आता भावाकडून रोज हरण्याचं. भावाला ‘जरा हळू मार’ म्हणू नका. तो हळू मारायला लागला की मुलीला ते लगेच कळतं, आणि तिला येणारा चेंडूही खोटा होतो. त्यापेक्षा एक्समथची पद्धत वापरा. भावानं पूर्ण ताकदीनं खेळायचं, पण प्रत्येक गेम मुलीच्या बाजूनं 30-0 पासून सुरू. सर्व्हिस कुणाचीही असो. यात मुलीला गेममागे दोनच पॉइंट काढायचे असतात, त्यामुळे ती प्रत्येक पॉइंटला जिवावर उदार होऊन खेळते. आणि भावाला एकही पॉइंट फुकट घालवता येत नाही, त्यामुळे त्याचाही सराव होतो. मुली अशा वेळी नेटकडे यायचं धाडस करू लागतात हे मी पाहिलंय, कारण एखादा पॉइंट फसला तरी गेम हातात असतो.

एक वही ठेवा आणि आठवड्याच्या गेमची बेरीज लिहा. दोघांचे गेम जवळपास सारखे येत असतील तर सवलत बरोबर बसली. मुलगी फारच मागे पडत असेल तर काही दिवस 40-0 द्या. बेरीज तिच्या बाजूला झुकायला लागली की एक गेम 30-0, पुढचा 15-0 असं आलटून पालटून करा, मग सगळेच 15-0. बदल दोघांना समोर बसवून, वही उघडून करा. आणि सर्व्हिस अंडरआर्म करत असेल तर सध्या करू द्या, खांदा तयार झाला की वरून मारायला शिकवायला वेळ लागत नाही. आखूड चेंडूवर आत यायची सवय मात्र आत्ताच लावा.